छायाचित्रातील भुते

मराठी घराच्या बैठकीत दिवंगत वडीलधाऱ्यांच्या तसबिरी लावण्याची चाल आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. या तसबिरीला आपण हार घालतो, तिच्यापुढे उदबत्ती लावतो, परगावी निघालेला मुलगा तिला नमस्कार करून उंबरठा ओलांडतो. तसबिरीत माणूस नाही हे आपल्याला पक्के ठाऊक असते. आणि तरीही तो केवळ कागद आहे असे म्हणावयास आपली जीभ रेटत नाही. याचे कारण उघड आहे. चित्र कोणीतरी काढलेले असते. त्यात चित्रकाराचा हात असतो, त्याची लहर असते. फोटो मात्र त्या माणसाच्या अंगावरून परतलेल्या उजेडानेच उमटलेला असतो. तो माणूस एके दिवशी भिंगासमोर खरोखर बसला होता, याचा तो दाखला असतो. म्हणूनच फोटोला आपण साक्षीदाराचा मान देतो आणि साक्षीदार निःपक्षपाती आहे, असे गृहीत धरून चालतो.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या साक्षीदाराने एक चमत्कारिक साक्ष द्यावयास आरंभ केला आहे. रात्रीच्या वेळी, फ्लॅशच्या उजेडात घेतलेल्या फोटोंत कधी कधी पांढुरके, दुधी, अर्धपारदर्शक गोल तरंगताना दिसतात. कधी एकच गोल असतो, कधी डझनावारी असतात. इंग्रजीत त्यांना ‘ऑर्ब’ म्हणतात. आपण त्यांना तेजोगोल म्हणू. लग्नाच्या मांडवात, जुन्या वाड्यात, पडक्या किल्ल्यावर, स्मशानाच्या वाटेवर घेतलेल्या फोटोत असा गोल निघाला की तो मृतात्म्याचा आहे, असे सांगणारे जगभर भेटतात. २००७ मध्ये ‘द ऑर्ब प्रोजेक्ट’ या नावाचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचे दोन्ही लेखक उच्चविद्याविभूषित होते आणि हे गोल म्हणजे अशरीरी शक्तींचे प्रकटीकरण होय, असा त्यांचा अभिप्राय होता. तेव्हा हा भोळ्याभाबड्यांचाच समज आहे, असे म्हणून विषय झटकून टाकता येत नाही.

या गोलांचा उलगडा तसा अवघड नाही. परंतु केवळ उलगडा सांगून भागत नाही. कारण फोटोत भुते दिसण्याची ही पहिली वेळ नव्हे. कॅमेऱ्याचे रूप जसजसे बदलत गेले तसतसे त्यातील भुताचेही रूप बदलत गेले. तो इतिहास पाहिल्यावाचून या गोलांचे खरे वैशिष्ट्य ध्यानात येणार नाही.

फोटोची कला जगापुढे आली ती १८३९ मध्ये, पॅरिसला, दागेर याच्या शोधामुळे. पुढच्या पंधरा वर्षांतच ती आपल्याकडे रुजली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे मराठी गृहस्थ त्या कलेत नाव मिळवू लागले. त्या काळी फोटोसाठी माणसाला कित्येक सेकंद निश्चल बसावे लागे. मध्येच कोणी उठून गेला तर काचेवर त्याची अर्धवट, धुरकट आकृती उमटे आणि त्या आकृतीतून मागची भिंत आणि खुर्ची स्पष्ट दिसे. भूत म्हणून लोक ज्याचे वर्णन करतात, नेमके तेच! स्कॉटिश शास्त्रज्ञ सर डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८५६ मध्ये आपल्या स्टिरिओस्कोपवरील ग्रंथात ही युक्ती करमणूक म्हणून सांगितली होती. भुताच्या वेषातील माणसाला क्षणभर भिंगासमोर उभे करावे आणि चटकन बाजूला घ्यावे, की झाले. लंडनमध्ये असली गमतीची चित्रे बाजारात विकली जात आणि घेणाऱ्यालाही ती गंमत आहे हे ठाऊक असे.

म्हणजे भूत कसे बनते, याचा खुलासा आधी छापून झाला होता. भुताचा व्यापार त्यानंतर सुरू झाला. खुलासा उपलब्ध असूनही माणसे फसली ती का, हा प्रश्न येथेच उभा राहतो.

हा व्यापार सुरू केला अमेरिकेतील बोस्टन शहरच्या विल्यम ममलर या इसमाने. तो व्यवसायाने दागिन्यांवर नक्षी कोरणारा कारागीर होता. १८६१ च्या सुमारास त्याने हौसेखातर स्वतःचाच एक फोटो घेतला. त्यात त्याच्या शेजारी एका मुलीची पुसट आकृती उमटली. बारा वर्षांपूर्वी वारलेली आपली चुलत बहीण ती हीच, असे त्याने सांगितले. आधी वापरलेली काच नीट न धुता पुन्हा वापरली की जुने चित्र नव्यातून डोकावते, ही गोष्ट त्या धंद्यातील प्रत्येकाला माहीत होती. परंतु वार्ता फुटली आणि ममलरच्या दाराशी रीघ लागली. तो नेहमीच्या दरापेक्षा पुष्कळ अधिक पैसे घेई. आणि हवा तो आत्मा येईलच अशी हमीही देत नसे.

तो काळ लक्षात घेतला पाहिजे. १८६१ ते १८६५ ही अमेरिकेतील यादवी युद्धाची वर्षे. त्या युद्धात सहा लाखांहून अधिक माणसे मेली. कित्येकांची प्रेते घरी आली नाहीत, कित्येकांच्या थडग्यांचा पत्ता लागला नाही. ज्या आईला मुलाचे शेवटचे दर्शनही घडले नाही, ती फोटोच्या काचेवर पुसट चेहरा पाहून काय म्हणेल, हे सांगावयास नको. बोस्टनमध्ये ममलरची काही भुते गावातच हिंडत-फिरत असलेल्या जिवंत माणसांची निघाली, तेव्हा बोभाटा झाला. पण न्यूयॉर्कला जाऊन त्याने आपले दुकान पुन्हा मांडले.

तेथे १८६९ मध्ये त्याच्यावर फसवणुकीचा खटला भरण्यात आला. शहराचा एक अधिकारी खोटे नाव धारण करून त्याच्याकडे फोटो काढवून घेण्यास गेला होता, त्यातून हे प्रकरण न्यायासनासमोर आले. सर्कसवाला म्हणून पुढे जगभर गाजलेला पी. टी. बार्नम फिर्यादी पक्षातर्फे साक्षीला उभा राहिला. त्याने एका फोटोग्राफरकडून मुद्दाम स्वतःचा एक फोटो तयार करविला होता; त्यात त्याच्या पाठीशी चक्क अब्राहम लिंकनचे भूत उभे होते! बनावट फोटो कसे करता येतात, याच्या अनेक रीती तज्ज्ञांनी न्यायालयापुढे मांडल्या. उलट बाजूने, आपल्या मृत आप्तांची ओळख पटल्याचे शपथेवर सांगणारे साक्षीदारही उभे राहिले आणि त्यांत एक निवृत्त न्यायाधीशही होते. अखेर न्यायाधीशांनी ममलरला सोडून दिले. लबाडी झाली असावी असे आपले स्वतःचे मत असले, तरी ममलरने नेमकी कोणती युक्ती वापरली हे फिर्यादी पक्षाला सिद्ध करता आलेले नाही, असा त्यांच्या निर्णयाचा आशय होता.

श्रोतेहो, हा निर्णय कायद्याच्या दृष्टीने चुकीचा म्हणता येणार नाही. आरोपीला शिक्षा करावयाची तर गुन्हा सिद्ध व्हावा लागतो. परंतु ‘लबाडी सिद्ध झाली नाही’ याचा अर्थ ‘भूत सिद्ध झाले’ असा होत नाही. ही दोन विधाने एकच आहेत असे लोकांनी मानले आणि तेच मानणे आजतागायत चालू आहे. ममलरची कीर्ती पुरती मावळली नाही. १८७२ च्या सुमारास खुद्द लिंकनची विधवा पत्नी मेरी लिंकन, शोकाचा काळा वेष करून, त्याच्या बोस्टनच्या स्टुडिओत आली. त्या फोटोत तिच्या खांद्यांवर हात ठेवून उभी असलेली लिंकनची पुसट आकृती दिसते. नवरा डोळ्यांदेखत गोळीला बळी पडलेला आणि चार मुलांपैकी तीन काळाने हिरावून नेलेली, अशी ती बाई होती. तिला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

या इतिहासातील सर्वांत विचार करावयास लावणारा प्रसंग मात्र पॅरिसमध्ये घडला. एदुआर ब्युगे नावाचा फोटोग्राफर तेथे असाच धंदा करीत होता. १८७५ मध्ये पोलिसांनी त्याच्या स्टुडिओवर छापा घातला, तेव्हा तेथे कापडात गुंडाळलेली एक बाहुली आणि तिच्यावर बसविण्यासाठी निरनिराळ्या चेहऱ्यांची मुंडकी सापडली. ब्युगेने गुन्हा कबूल केला. आधी बाहुलीचा फोटो घ्यावयाचा, मग त्याच काचेवर गिऱ्हाइकाचा. याहून अधिक त्यात काही नव्हते. त्याला एक वर्ष कारावास आणि पाचशे फ्रँक दंडाची शिक्षा झाली. येथवर सारे सरळ आहे. परंतु न्यायालयात एकामागून एक साक्षीदार आले आणि त्यांनी सांगितले की, ब्युगे काहीही म्हणो, फोटोतील चेहरा आमच्याच माणसाचा आहे. बाहुली समोर ठेवली, मुंडकी दाखविली, खुद्द आरोपीने तोंडावर सांगितले. तरी ती माणसे आपल्या म्हणण्यावरून हलली नाहीत.

ही माणसे मूर्ख होती असे मानून आपण पुढे गेलो तर मुख्य गोष्ट हातची निसटेल. पुसट चेहऱ्यात ओळखीचा चेहरा शोधण्याची मनाची शक्ती फार मोठी आहे. ढगात हत्ती दिसतो, भिंतीच्या पोपड्यात म्हातारा दिसतो, तो याच शक्तीमुळे. मनी वसे ते स्वप्नी दिसे, अशी आपली म्हण आहे. परंतु जागेपणीही मन आपले काम थांबवीत नाही. ब्युगेच्या काचेवर एक धूसर गोळा होता. त्याला नाक, डोळे आणि नाव देण्याचे काम गिऱ्हाइकाच्या दुःखाने केले.

पहिल्या महायुद्धानंतर हीच कथा इंग्लंडमध्ये पुन्हा घडली. क्रू या गावचा विल्यम होप नावाचा सुतार मृतात्म्यांचे फोटो घेण्याबद्दल प्रसिद्ध होता. फोटोच्या काचा गिऱ्हाइकाने स्वतः आणाव्यात, अशी मुभा तो देई. मग लबाडीला वाव कोठे, असा त्याच्या भक्तांचा सवाल असे. १९२२ मध्ये हॅरी प्राइस या संशोधकाने काचा बनविणाऱ्या कंपनीच्या साहाय्याने आपल्या काचांवर क्ष-किरणांनी गुप्त खूण उठवून घेतली. ती खूण काच धुतल्याखेरीज दिसणारी नव्हती. होपने फोटो घेतला, त्यात भूतही आले. परंतु धुतलेल्या काचेवर ती खूण नव्हती. काच मध्येच बदलली गेली होती.

मी सरकारी दफ्तरात काम करणारा मनुष्य. कागदावरचा मजकूर काय आहे, यापेक्षा तो कागद कोणाच्या हातून कोठे गेला आणि मध्ये कोणाच्या ताब्यात होता, हा प्रश्न आम्हांला आधी सुचतो. प्राइसने नेमका तोच प्रश्न विचारला होता. तथापि शेरलॉक होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉईल यांना तो रुचला नाही. पुराव्याचा कीस काढणारा जगातील सर्वांत प्रसिद्ध गुप्तहेर ज्यांच्या लेखणीतून उतरला, त्या डॉईलनी त्याच वर्षी होपच्या बाजूने एक पुस्तक लिहून प्रसिद्ध केले. परलोकविद्येवर त्यांचा विश्वास आधीपासूनच होता; त्यात १९१८ मध्ये त्यांचा तरुण पुत्र किंग्सली वारला होता. बुद्धी आणि दुःख एकाच घरात नांदत असता कोणाचे चालते, याचे हे उदाहरण आहे.

आता आपण आजच्या तेजोगोलांकडे वळू. ममलर, ब्युगे आणि होप यांच्या भुतांना कोणीतरी लबाड माणूस लागत होता. तेजोगोलांना तसा कोणी लागत नाही, हेच त्यांचे वैशिष्ट्य होय. फोटो आपण स्वतः काढलेला असतो, कॅमेरा आपला असतो, कोणी पैसे घेतलेले नसतात. ‘मी माझ्या डोळ्यांदेखत हा फोटो काढला आहे’, असे म्हणणारा मनुष्य अगदी खरे बोलत असतो. जेथे फसविणाराच नाही तेथे फसवणूक कशी असेल, असे त्याला वाटते. म्हणून येथे गुन्हेगार शोधण्यात अर्थ नाही. कॅमेऱ्याच्या तोंडासमोर काय असते, ते पाहिले पाहिजे.

कॅमेऱ्याच्या तोंडासमोर हवा असते. आणि हवेत धूळ असते. कौलारू घराच्या छपरातून उन्हाचा कवडसा खाली आला की त्यात नाचणारे रजःकण आपण लहानपणी न्याहाळले आहेत. कवडशाबाहेरची हवा आपल्याला स्वच्छ भासते. पण कण तेथेही तितकेच असतात, फक्त त्यांच्यावर उजेड पडलेला नसतो. आपल्या पूर्वजांचेही या कणांकडे लक्ष होते. जाळीतून आलेल्या सूर्यकिरणात दिसणारा कण म्हणजे ‘त्रसरेणु’. मनुस्मृतीने त्याला वजनमापांतील पहिले परिमाण म्हटले आहे. १८७० मध्ये जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अंधाऱ्या दालनात प्रखर प्रकाशाचा झोत सोडून श्रोत्यांना दाखविले की, जी हवा आपण निर्मळ समजून छातीत भरून घेतो ती अशा कणांनी गजबजलेली आहे. भुते पाहण्याची सवय जडलेल्या त्या काळात ही अदृश्य वस्ती त्याने साध्या दिव्याने दृश्य केली.

कॅमेऱ्याचा फ्लॅश म्हणजे क्षणभराचा कवडसाच होय. मात्र हा कवडसा भिंगाच्या अगदी कडेला जन्मतो. प्रकाशाचा नियम असा आहे की, अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो. आता हिशेब करा. ज्याचा फोटो घ्यावयाचा तो मनुष्य दोन मीटरवर उभा आहे आणि धुळीचा एक कण भिंगापासून पाच सेंटिमीटरवर तरंगतो आहे. कण माणसापेक्षा चाळीस पटींनी जवळ आहे. म्हणजे त्याच्यावर पडणारा उजेड चाळीस गुणिले चाळीस, सोळाशे पट अधिक प्रखर झाला. एरवी डोळ्यालाही न दिसणारा तो कण त्या क्षणी झगझगून उठतो आणि फ्लॅश भिंगाला चिकटूनच असल्यामुळे कणावरून परतलेला उजेड सरळ भिंगात शिरतो. पावसाळ्यात घाटातून दाट धुक्यात मोटार चालविणाऱ्याला याचा अनुभव आहे. मोठे दिवे लावले की रस्ता दिसण्याऐवजी समोर पांढरी भिंत उभी राहते. म्हणून धुक्याचे दिवे खाली, बंपरजवळ बसवितात.

मग बारीक कणाचा एवढा मोठा गोल का होतो? भिंग एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू रेखीव दाखवू शकते. ते दोन मीटरवरच्या माणसावर रोखलेले असताना पाच सेंटिमीटरवरच्या कणाचे चित्र रेखीव येत नाही, ते पसरते. आणि पसरताना भिंगामागील छिद्राचा आकार घेते. छिद्र गोल असेल तर गोल, षट्कोनी असेल तर षट्कोनी. कित्येक फोटोंतील ‘आत्मे’ काटेकोर षट्कोनी किंवा अष्टकोनी असतात. त्याचे कारण परलोकात शोधावे लागत नाही. कॅमेऱ्याच्या छिद्राच्या पात्या मोजल्या की ते सापडते.

आता कोणी विचारील की, धूळ तर पूर्वीही होती आणि फ्लॅशही होता. मग हे गोल आमच्या वडिलांच्या कॅमेऱ्यात का दिसत नव्हते? प्रश्न रास्त आहे. क्वचित तेही दिसत. पण जुन्या मोठ्या कॅमेऱ्याचा फ्लॅश भिंगापासून बराच दूर, एका बाजूला असे. शिवाय त्या फिल्मची आणि भिंगाची मापे मोठी असल्यामुळे जवळच्या कणाचे चित्र इतके पसरे की ते फिके पडून नाहीसेच होई. १९९० नंतरच्या दशकात खिशात मावणारे डिजिटल कॅमेरे घरोघर येऊ लागले. त्यांत फ्लॅश भिंगापासून दोनतीन बोटांवर आला. चित्र टिपणारी पट्टी नखाएवढी झाली आणि भिंगही त्या मानाने चिमुकले झाले. चिमुकल्या भिंगाला जवळचेही थोडेबहुत ठीक दिसते, त्यामुळे कण पसरतो खरा, पण नाहीसा होत नाही. त्याचा नेटका, दुधी गोल होतो. तेजोगोलांचा बोलबाला सुरू झाला तोही याच काळात. मृतात्मे काय खिशातल्या कॅमेऱ्याची वाट पाहत थांबले होते?

याच ठेवणीचा दुसरा परिणाम आपण सर्वांनी पाहिला आहे. फ्लॅशच्या फोटोत माणसांचे डोळे लालभडक येतात. भिंगाजवळचा उजेड डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून सरळ परततो म्हणून ते तसे दिसतात. लग्नाच्या फोटोत मामांचे डोळे लाल आले म्हणून मामांना कोणी राक्षस समजत नाही. तेजोगोल आणि लाल डोळे ही एकाच कारणाची दोन अपत्ये आहेत. त्यांतील एकाची आपण पूजा मांडतो आणि दुसऱ्याला हसतो.

समुद्राच्या पाण्याखाली फोटो घेणाऱ्यांना तर हे गोल फार आधीपासून ठाऊक आहेत. लुई बुताँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९३ मध्ये भूमध्य समुद्रात बुडी मारून पाण्याखालचे फोटो घेतले, तेव्हापासून ही विद्या वाढत गेली. पाण्यात तरंगणाऱ्या गाळाच्या कणांवर दिव्याचा उजेड पडला की फोटोभर पांढरे ठिपके आणि गोल पसरतात. म्हणून पाणबुडे आपले दिवे लांब दांड्यांवर, भिंगापासून दूर आणि तिरपे धरतात. हे गोल म्हणजे मेलेल्या माशांचे आत्मे होत, असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

आता काही शंकांचे निरसन करू. फोटो काढताना ते गोल डोळ्यांना का दिसले नाहीत? कारण फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास टिकतो आणि आपली नजर समोरच्या माणसावर असते, भिंगापुढच्या चार बोटे हवेवर नसते. लागोपाठच्या दुसऱ्या फोटोत तो गोल का नाही? कारण कण तरंगत पुढे गेलेला असतो. गोलाला शेपूट का आहे? कारण तो पावसाचा थेंब किंवा चिलट होते आणि उजेड असेपर्यंत ते हलले. गोलाला निळी-तांबडी कड का आहे? कारण भिंग निरनिराळ्या रंगांचे किरण थोडे निरनिराळे वळविते. गोलात चेहरा दिसतो तो का? त्याचे उत्तर ब्युगेच्या गिऱ्हाइकांनी १८७५ मध्येच देऊन ठेवले आहे.

आणि हे गोल पडक्या वाड्यांत व स्मशानांतच अधिक का? कारण पडक्या वाड्यात धूळ अधिक, नदीकाठच्या स्मशानात दव आणि धुके अधिक, आणि थंडीच्या रात्री फोटो काढणाऱ्याच्या स्वतःच्या श्वासाची वाफही भिंगासमोर तरळते. शिवाय अशा जागी मनुष्य काळोखात जातो, फ्लॅश वापरतो आणि घरी येऊन प्रत्येक फोटो बारकाईने तपासतो. दिवसा बाजारात काढलेल्या फोटोवर भिंग धरून कोणी बसत नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो असा. हल्ली इमारतींवर पहाऱ्यासाठी कॅमेरे बसविलेले असतात. रात्री पाहता यावे म्हणून त्यांच्या भिंगाभोवतीच डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे दिवे असतात. त्यांच्या चित्रफितीत भिरभिरणारे तेजस्वी गोलही त्याच जातीचे. जवळून उडणारे किडे आणि धूळ, याखेरीज ते दुसरे काही नसतात.

माझ्या सांगण्यावर कोणी विश्वास ठेवावा, अशी माझी अपेक्षा नाही. कारण हा प्रयोग घरच्या घरी करता येतो. रात्री खोलीतले दिवे मालवावेत, एखादी जुनी सतरंजी झटकावी आणि फ्लॅश लावून फोटो घ्यावा. मग धूळ खाली बसू द्यावी आणि पुन्हा घ्यावा. त्यानंतर पुन्हा सतरंजी झटकून कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद ठेवावा आणि हातभर दूर, एका बाजूला धरलेल्या विजेरीच्या उजेडात तिसरा फोटो घ्यावा. पहिल्या फोटोत गोलांची जत्रा भरेल, दुसऱ्यात ती पांगेल आणि तिसऱ्यात बहुधा दिसणारही नाही. याहून सूक्ष्म परीक्षा पाहावयाची असेल तर दोन भिंगांचा कॅमेरा मिळतो, जो एकाच क्षणी शेजारी शेजारी दोन चित्रे टिपतो. गोल खरोखरच नवरीच्या खांद्यावर असेल तर तो दोन्ही चित्रांत तिच्या खांद्यावरच दिसला पाहिजे. भिंगापुढच्या कणाचे तसे होत नाही. तो एका चित्रात दिसतो आणि दुसऱ्यात दिसत नाही, किंवा भलत्याच जागी दिसतो.

श्रोतेहो, येथे कोणी म्हणेल की, एखाद्या विधवेला नवऱ्याचा भास एका गोलात झाला आणि तिला क्षणभर धीर आला, तर बिघडले कोठे? हा प्रश्न मला टाळावयाचा नाही. धीर येणे वाईट नव्हे. परंतु जो धीर गोलावर अवलंबून असतो तो गोल न दिसल्यास खचतो. मग गोल दाखवून देणारा कोणी भेटावा असे वाटू लागते. आणि असा कोणी भेटावयास वेळ लागत नाही. ममलरचे दुकान असेच चालले होते. आजचा गोल फुकट मिळतो, पण त्याचा अर्थ सांगणारा फुकट मिळेलच असे नाही. दुःखी माणसाची थट्टा करू नये आणि त्याच्या दुःखाचा बाजारही होऊ देऊ नये. दोन्ही गोष्टी सांभाळावयाच्या तर खरे काय ते सांगणे, आणि हळुवारपणे सांगणे, हा एकच मार्ग उरतो.

फोटो खोटे बोलत नाही, असे म्हणतात. तेजोगोलांच्या बाबतीत हे अक्षरशः खरे आहे. फोटोने सांगितले की, भिंगासमोर काहीतरी उजळ होते. आणि ते खरोखरच होते. ते कोण होते हे फोटोने सांगितलेले नाही, ते आपण सांगितले. तेव्हा यापुढे फोटोत असा गोल आढळला तर तो कोणाचा आत्मा, हा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवावा आणि उजेड कोठून आला, हा प्रश्न आधी विचारावा. बैठकीतल्या तसबिरीचा मान याने तिळभरही कमी होत नाही. तीत खरोखर आपलेच माणूस आहे; एके दिवशी ते भिंगासमोर बसले होते, त्याच्या चेहऱ्यावर खिडकीतला उजेड पडला होता, आणि तोच उजेड अजून त्या कागदावर आहे.